मागचं डावं दार

मी वर्तमानपत्रात काम करते. ऐकीव मजकूर रोज माझ्याच हातून कापला जातो. त्यामुळे खाली लिहिलंय त्यात ऐकीव काही नाही. जे मी स्वतः पाहिलं, तेवढंच आहे.

ठिकाण दिल्ली, मयूर विहारमधली आमची सोसायटी. गेल्या जानेवारीतली, धुक्यात बुडालेली एक संध्याकाळ.

बाबांची पांढरी फियाट पार्किंगमध्ये खोळ घालून उभी होती. बाबा गेले, मग जुन्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी आली. आज ना उद्या ती भंगारात जाणार, हे आम्हाला कळत होतं.

आईला ते मान्य नव्हतं.

आई, म्हणजे सुमित्राबाई, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. बाबा तिला याच गाडीतून सोडायचे. तिची इच्छा एवढीच होती, की एकदा या गाडीत बसून कोपर्निकस मार्गावरून चक्कर मारून यायचं. बाबांबरोबर जायची तसं.

माझा मोठा भाऊ श्रीरंगदादा मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने मनावर घेतलं. फियाटचं इंजिन काढलं आणि तिला विजेवर चालवायचं ठरवलं. मोटर, बॅटरी आणि ती चालवणारा कंट्रोलर, हे सगळं त्याने एका भंगारवाल्याकडून आणलं. एकाच मोडक्या इलेक्ट्रिक गाडीतून काढलेलं.

"अपघाताची गाडी होती का?" मी विचारलं.

"पाण्यात बुडालेली, म्हणाला."

मी बॅटरीची पेटी पाहिली. चिखलाचा एक डाग नव्हता. पण डावी बाजू आत चेपलेली होती.

 ते मी लक्षात ठेवलं.

त्या संध्याकाळी दादाने पहिल्यांदा चावी फिरवली. दिवा लागला, पण गाडी हलेना. त्याने तारा तपासल्या. पुन्हा तेच. शेवटी कंटाळून तो स्क्रू ड्रायव्हर घ्यायला खाली उतरला, मागचं डावं दार उघडलं, सीटखाली शोधलं, दार लावलं. परत येऊन पॅडल दाबलं...

गाडी निघाली.

आवाज नाही, धूर नाही. आईने गॅलरीतून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हलेना. मागचं डावं दार उघडून लावलं, की निघाली. रोज तसंच.

"कुठेतरी लूज कनेक्शन आहे यार," दादा म्हणाला. "दार आपटलं की धक्का बसतो."

"मग उजवं आपट."

उजवं आपटलं. काही नाही. पुढची दोन्ही आपटली. काही नाही.

फियाटच्या दारांना एकही तार जात नाही. हे दादानेच मला दाखवलं होतं.

मला त्याचाच संशय आला. लहानपणी आम्हाला घाबरवायला तो काय वाटेल ते करायचा. म्हणून एका दुपारी मी त्याला बाजारात पाठवलं आणि एकटीच चावी घेऊन खाली गेले.

गाडी हलली नाही.

मी मागचं डावं दार उघडलं आणि लगेच लावलं. तरी हलली नाही.

मग पुन्हा उघडलं आणि थोडं थांबले. एखादं माणूस डोकं वाकवून आत बसेल, पाय आत घेईल, तेवढं...

मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली.

सीटवर कोणी नव्हतं.

मी दार लावलं. पुढे बसून पॅडल दाबलं. गाडी मुकाट निघाली. सोसायटीच्या आतल्या रस्त्याने एक फेरी मारली. पूर्ण फेरीत मी आरशात पाहिलं नाही. हेही खरं तेच लिहितेय.

इंजिन असतं, तर ती कुरकुर मला ऐकूच आली नसती.

मी भंगारवाल्याला फोन केला. आधी म्हणाला, पानी में डूबी थी. चेपलेल्या पेटीचं विचारलं तर म्हणाला, ट्रक से उतारते हुए लगी होगी. मी सरळ विचारलं, "पीछे कौन बैठा था?"



"मैडम, गाड़ी चल रही है ना? तो चलाओ."

त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. दादा हसला. "तुझ्या पेपरात छाप. क्राइम पेजवर."

"हसू नकोस. काढून टाक ते सामान."

"काढलं तर गाडी भंगारात जाईल, वृंदा. परवानगीची तपासणी तोंडावर आलीय. आईला काय सांगू?"

आई वरणात तूप घालत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"तुम्ही रोज दार उघडून बसवता," ती म्हणाली. "परत आल्यावर उतरवता का?"

तिने तुपाचं भांडं बाजूला ठेवलं.

"चक्कर मारता, चावी काढता आणि वर येता. असं वागतं का कोणी पाहुण्याशी?"

"आई, प्लीज," मी म्हणाले.

"गंमत केली गं."

दुसऱ्या दिवशी दादाने तिला पुढे बसवून सोसायटीत फिरवलं. मी जिन्यापाशी उभी होते. गाडी थांबली. आई उतरली, मागे गेली आणि डावं दार उघडलं. पदर सावरला. घरी आलेल्या कुणालाही म्हणते, त्याच सुरात म्हणाली, "या. घर आलं. वर चला, चहा घ्या."

दादा खो खो हसला.

मी हसले नाही. कारण सीटची स्प्रिंग पुन्हा कुरकुरली होती... भार उतरल्यावर कुरकुरते तशी.

आई जिना चढू लागली. अधूनमधून थांबत होती. मागून कोणी सावकाश येत असल्यासारखी.

त्या दिवसापासून फियाट चावी फिरवताच निघते. दार उघडावं लागत नाही. तपासणीत पास झाली, परवानगी आली. दादा म्हणतो, कनेक्शन आपोआप बसलं. मी त्याला विरोध केलेला नाही. माझ्याकडे पुरावा नाही.

गेल्या रविवारी त्याने गाडी धुऊन दारात आणली. मोगऱ्याचा गजराही आणला.

"चल आई! कोपर्निकस मार्ग!"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. साडी घरचीच होती. तिने एकदा बैठकीच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली. "घरात पाहुणे असताना मी कशी येऊ?"