सोकोल स्टेशनावरचा आवाज

या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. अंगणातल्या बाकावर माझ्याशी डोमिनो खेळणारे तर मी तोंड उघडलं की घराच्या किल्ल्या चाचपायला लागतात. नका ठेवू विश्वास. पण इथे मॉस्कोत एका बाईनं मेट्रोतल्या नुसत्या आवाजावरून चोर पकडला, आणि तो आवाज तिनं स्वतः ऐकलासुद्धा नव्हता.

ती बाई म्हणजे ताइसिया मार्कोव्ना, खासगी गुप्तहेर. त्या दिवशी तिच्या दारात आल्सू उभी राहिली. कझानहून व्हायोलिन शिकायला आलेली पोरगी, डोळे सुजलेले.

"घरमालकिणीचं व्हायोलिन चोरीला गेलंय. म्हणते, संध्याकाळपर्यंत आण, नाहीतर पोलीस. पोलिसांत नाव गेलं की संगीतशाळेतून काढतील मला. मी नाही घेतलं हो!"

"रडणं नंतर," ताइसिया म्हणाली. "पोताप, कोट घाल."

पोताप इल्यिच तिचा मदतनीस. अंगानं दांडगा, डोक्यानं सावकाश. तिघं मेट्रोनं शहराच्या मध्यापासून बाहेरच्या टोकाकडे, आल्सू राहायची तिकडे निघाले. डब्यात एक मंजूळ बायकी आवाज स्टेशनांची नावं सांगत होता. पोताप आरामात रेलला.

"हे बरं असतं. शहराच्या मध्याकडे जाताना पुरुषाचा आवाज, बाहेर येताना बाईचा. कामावर साहेब हाकलतो, घरी बायको बोलावते."

"तुला कुठली बायको बोलावते?"

पोताप भिंतीवरचा मेट्रोचा नकाशा वाचायला लागला.

घरमालकीण रिम्मा अर्काद्येव्नानं दार उघडलं तेच ओरडत.

"आता ही आणि कोण? माझ्या नवऱ्याचं व्हायोलिन होतं ते! भिंतीवर खुंटीला टांगलेलं असायचं, हिची नजर रोज त्या खुंटीवर. मी दवाखान्याच्या रांगेत, घरात ही एकटी. दुसरं कोण नेणार?"

"मी न्हाणीघरात होते," आल्सू पुटपुटली. "केस धूत होते."

"म्हणे केस धूत होते!"

"किल्ली आणखी कुणाकडे असते?" ताइसियानं विचारलं.

"माझ्या भाच्याकडे, एदिककडे. पण त्याचं नाव घेऊ नका. तो तेव्हा गाडीत होता. रांगेत असताना मला त्याचा फोन आला, 'मावशी, ऑफिसातून निघालोय, केक आणतोय.' आणि मागून तो मेट्रोतला बाप्या 'स्टेशन सोकोल' म्हणून असा खेकसला की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मी लगेच घरी आले तर खुंटी रिकामी! हा बिचारा माझ्यानंतर पोचला."

बिचारा एदिक स्वयंपाकघरात स्वतःच आणलेला केक खात होता.

"या हेरबाईचे पैसे कोण देतंय, ही भाडेकरू?" तो हसला. "विचारा, काय विचारायचंय ते."

"येताना मधे कुठं उतरलात? स्टेशन चुकून मागे आलात?"

"बाई, मी याच मार्गावर लहानाचा मोठा झालो. शहराच्या मध्यातल्या ऑफिसापासून इथपर्यंत बूड हललं नाही."

"छान. रिम्मा अर्काद्येव्ना, फोनमागे खेकसला तो पुरुषच होता?"

"म्हातारी आहे मी, बहिरी नाही!"

"मग तुमचा भाचा तुमच्या घराकडे येतच नव्हता. घरापासून लांब चालला होता."

पोतापचा चमचा केकमध्येच राहिला. "अरेच्चा! बाहेर येताना तर..."

"बाईचा आवाज असतो." ताइसिया एदिककडे वळली. "मावशीला वाटेतलं 'सोकोल' ऐकू जावं म्हणूनच तू फोन केलास. स्टेशन खरं, दिशा उलटी. जन्मभर कानावर पडणारा आवाज या शहरात कुणी ऐकतच नाही. तूही नाही ऐकलास, मावशीनंही नाही. न्हाणीघरात पाणी वाहत होतं तेव्हा तू किल्लीनं आत आलास. व्हायोलिन घेऊन शहराच्या मध्याकडे निघालास, वाटेत ते कुणाच्या तरी हवाली केलंस आणि केक घेऊन परत फिरलास."

"पुरावा काय?"

"मेट्रोत कॅमेरे आहेत. आणि पोलीस तर मावशी बोलावणारच होत्या."

एदिकनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं हात पुढे केला, "किल्ली दे." किल्ली टेबलावर पडली. मग त्यानं फोन काढला. "तोल्या, ती व्हायोलिनची पेटी इकडे आण. नाही, आत्ताच्या आत्ता."

आणि मंडळी, काय सांगू तुम्हाला! रिम्मा अर्काद्येव्ना ढसाढसा रडली. आल्सूला तिनं छातीशी धरलं, हात जोडून तिची माफी मागितली, म्हणाली, पोरी...

इतक्यात आमच्या अंगणातल्या बाकामागची तळमजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. आधी व्हायोलिनचे सूर बाहेर आले, मग रिम्मा अर्काद्येव्नाचं डोकं.

"खोटं! साफ खोटं! मी रडले? माफी मागितली? मी तिला एवढंच म्हटलं, 'उभी काय राहिलीस, बटाटे करपतायत!'"