नेमका पाठीमागचा तारा

घाट उतरणारी प्रत्येक आगगाडी ठाकुरवाडी स्टेशनात थांबायचीच. कुणी चढो न चढो, गाडी चालकाच्या ताब्यात आहे याची खात्री पटल्याशिवाय माझे बाबा, रूळ बदलणारे हिरामण सांधेवाले, तिला पुढची वाट देत नसत. श्रावणातल्या एका संध्याकाळी मी त्यांची भाकरी घेऊन चालले होते, तर थांबलेल्या गाडीच्या एका खिडकीतून हात बाहेर आला...

"पाऊस सरळच पडतोय की," हाताचा मालक म्हणाला. "मघाशी तर तिरपा, पुढून येत होता."

"मघाशी तुमची गाडी पळत व्हती," मी म्हटलं.

तो असा बघायला लागला, की मीच मान खाली घातली.

वाल्मिक त्याचं नाव. खालापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याला पदार्थविज्ञान शिकत होता. दर शनिवारी घरी जाताना तीच खिडकी, तीच चार मिनिटं. पावसासारखाच ताऱ्यांचा उजेडही पळणाऱ्याला पुढून येतो, म्हणायचा. उजेडाच्या जवळपास वेगानं निघालं, तर आजूबाजूचे तारे पुढे गोळा होतात. समोरचे निळसर, मागचे तांबूस दिसतात. मग खरी जागा कोणती, मी विचारायची. उभ्याला उभ्याची, पळणाऱ्याला पळणाऱ्याची, म्हणून हसायचा. सगळं बोलायचा मेला, हवं तेवढंच सोडून. माझं मात्र सोमवारपासून कशात लक्ष लागत नसे.

मार्गशीर्षात साजगावची माणसं माझं लग्न ठरवून सुपारी फोडायला यायची ठरली. आणि आदल्याच शनिवारी हा ट्रंक घेऊन आला. घरी जाऊन मग पुढं शिकायला बंगळूरला निघणार होता, दोन वर्षं. जाताना घाट चढणारी गाडी इथे थांबणार नव्हती.

डोंगरावर चांदण्या उगवत होत्या. मला रडू येत होतं, रागही.

"पळणाऱ्याला सगळेच तारे पुढं दिसतात?"

"बहुतेक... मागचेसुद्धा पुढे सरकतात. फक्त नेमका पाठीमागचा — तो तिथंच राहतो. मंद होत जातो."

"मग मी नेमकी पाठीमागं नाय उभी राहायची." "मला तुमी आवडता. उद्या माझी सुपारी फुटतेय. काय ते आत्ता बोला."

त्यानं दार उघडून अनवाणीच खाली उडी मारली नि थेट बाबांपुढे जाऊन उभा राहिला.

"तुमच्या जयवंताशी मला लग्न करायचंय," धापा टाकत म्हणाला.

बाबांनी त्याला पायापर्यंत न्याहाळलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

"आधी गाडी सोडतो," ते म्हणाले. "मग साजगावला नकार सांगायला तुमीच चला माझ्यासंगं. पायी जायचंय."

ट्रंक, चपला, सगळं घेऊन गाडी कर्जतकडे निघून गेली. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी घरात जाऊन बाबांच्या जुन्या वहाणा आणल्या आणि त्याच्या पायांपुढे ठेवल्या.