एकशेवीस आकडे

बाळांनो, एक मोठी शेड डोळ्यांसमोर आणा. पत्रे काजळीने काळे पडलेले. मधोमध वाफेचं जुनं इंजिन… थंडगार.

वेळ भरदुपारची, बरं का!

हे खरंच घडलंय. ती मुलगी माझ्याच वर्गात होती. अर्थ मात्र मला अजून लागलेला नाही.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. तिची आत्या जुन्या इंजिनांचे कृष्णधवल फोटो काढायची. या इंजिनासाठी तिने आठ वर्षं खेटे घातले होते. परवानगी मिळाली ती शेवटच्या दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन तोडणार होते.

शेडमध्ये उजेड कमी. म्हणून कॅमेरा पूर्ण दोन मिनिटं उघडा ठेवायचा होता.

"मध्येच कुणी आलं तर गं?"

"येऊ दे की. चालता माणूस उमटतच नाही. जो अगदी स्तब्ध उभा राहील, तोच उमटेल. तू एकशेवीसपर्यंत मोज. एकही आकडा गाळू नकोस!"

"मी काय बालवाडीत आहे?"

पहिला फोटो झाला.

दुसऱ्याच्या वेळी… पत्र्यावरची कबुतरं एकदम गप्प झाली.

चाळीस… एकेचाळीस…

टण्.

इंजिनाच्या लोखंडी पायरीवर बूट वाजला.

टण्… टण्…

कुणीतरी खाली उतरत होतं.

दिसत मात्र कुणीच नव्हतं.

भिंगरीचा आवाज कापायला लागला. पण आकडा तिने चुकवला नाही.

संध्याकाळी फिल्म वाळल्यावर दोघी घरच्या डार्करूममध्ये शिरल्या. लाल दिवा. ट्रेमधल्या रसायनात पहिला फोटो हळूहळू उमटला…

ड्रायव्हरच्या जागी एक माणूस उभा होता. टोपी, मिशा, कोटाची बटणं… सगळं लख्ख.

"दोन मिनिटं हा हललाच नाही?"

"श्वाससुद्धा घेतला नाही गं याने…" आत्या पुटपुटली.

दुसरा फोटो. ड्रायव्हरची जागा रिकामी!

आत्याने सुस्कारा सोडला. काय देखणा फोटो आला होता!

मग भिंगरीने इंजिनाच्या पुढच्या दिव्यावर बोट ठेवलं.

दिव्याच्या काचेत कॅमेऱ्यामागची माणसं दिसत होती. आत्या, धूसर. भिंगरी, त्याहून धूसर. ती कधी स्वस्थ उभी राहिलीय?

आणि तिच्या मागे… टोपीवाला.

अगदी रेखीव.

त्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

"आत्या, माझा खांदा… दुपारपासून जड झालाय."

"जाळून टाकते मी हे!" आत्याने निगेटिव्ह उचललं. पण तिचा हात मध्येच थांबला. उद्यापासून इंजिन नसणार होतं. उरणार होता एवढा एकच चांगला फोटो.

"नको जाळूस," भिंगरी म्हणाली. "आण इकडे."

तिने निगेटिव्ह लाल दिव्यासमोर धरलं. टाचणी घेतली. आत्याला वाटलं, आता ही टोपीवाल्याला खोडणार.

भिंगरीने त्याला टाचणी लावलीसुद्धा नाही. "मीच नसले, तर हात ठेवेल कुणावर?"

ओठ घट्ट मिटून तिने स्वतःलाच खरवडून काढलं.