चार ताटांचा मुक्काम

उत्तराची शिफारस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रुपवर यायची. ग्रुपात दिल्ली, नोएडा, गुडगावची त्रेसष्ट मराठी माणसं होती. मंत्रालयांतले अधिकारी, छावणीतली काही कुटुंबं, मुनिरक्यात खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी. सगळ्यांना एकच नाद होता. ज्यात आपण दुसरंच कुणीतरी होऊन एक आयुष्य जगतो, तसले व्हिडिओ गेम.

उत्तराचे नियम ठरलेले. खेळ करणारा स्टुडिओ लहान हवा, फार तर दहा माणसांचा. "मोठ्यांची जाहिरात मोठे करतील," ती म्हणायची. खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय शिफारस नाही. आणि शेवटच्या ओळीत, कुठं थांबून चहा करावा ते सांगायचं.

ती बोलायची, तिचा नवरा श्रीरंग टाइप करायचा. मंत्रालयाच्या राजभाषा विभागात तीस वर्षं काढल्यामुळं त्याची बोटं चालायची. तिनं मराठी टायपिंग कधी शिकून घेतलं नाही. "अहो, लिहा. चार जणांनी केलेला खेळ. राक्षस एकच आहे आणि तोही आजारी. घाईच्या माणसांनी लांब राहावं." तो स्वतः कधी खेळला नाही. शेजारी बसायचा.

ऑक्टोबरात डेंग्यूनं ती नऊ दिवसांत गेली.

नोव्हेंबरचा रविवार रिकामा गेला. डिसेंबर जवळ आला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कुसुमावती केळकरांनी त्याला जिन्यात गाठलं. वय अडुसष्ट, ग्रुपमधल्या सगळ्यांत जुन्या खेळाडू.

"श्रीरंगराव, या महिन्यात शिफारस आहे की नाही? ग्रुपातल्या पोरांच्या नादानं मी मोठ्या कंपनीचा खेळ घेतला. दोन दिवस नुसती घोड्यावर बसलेय. घोडा दमला, मी दमले, गोष्ट काही सुरू होत नाही."

"येईल पहिल्या रविवारी."

"लिहिणार कोण?"

"टाइप मीच करायचो," श्रीरंग म्हणाला आणि वर चढला.

मुलगी कादंबरी गुडगावला राहायची. तिचं म्हणणं होतं की कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकावा. "बाबा, किती दिवस तिच्या खुर्चीपुढं बसणार? चलो, माझ्याकडं राहायला."

"बिल्कुल नाही," त्यानं सांगितलं.

उत्तराचा शेवटचा खेळ अर्धा राहिला होता. 'मिठाची वाट'. पोर्तुगालमधल्या तिघांनी केलेला. चौघं जण गाढवावर मीठ लादून डोंगर ओलांडतात. संध्याकाळी मुक्काम पडतो, शेकोटीभोवती चार ताटं वाढली जातात, चौघं जेवतात. चारही ताटं रिकामी झाली की सकाळ होते आणि वाट पुढं सरकते. खेळणाऱ्यानं तेवढा वेळ नुसतं पाहायचं.

श्रीरंग ऑफिसातून साडेपाचला आला, मुनिरक्यातल्या खानावळीचा डबा टेबलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खेळ उघडला. उत्तरानं चौघांना नावं दिली होती. पुढारी स्वतः उत्तरा. धनुष्य कादंबरीकडं. जडीबुटी कुसुमावतीकडं. स्वयंपाकी श्रीरंग. त्याला हसू आलं. त्याला चहासुद्धा नीट जमत नसे.

मुक्काम पडला. तीन ताटं रिकामी झाली. उत्तराचं भरलेलं राहिलं.

त्यानं वाट पाहिली. शेकोटी जळत होती. ती मांडी घालून बसली होती, हात गुडघ्यांवर. सकाळ झाली नाही. त्यानं खेळ बंद करून पुन्हा लावला. तीन ताटं रिकामी, एक भरलेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी तिच्या ताटाखाली एक पांढरी पट्टी आली. पट्टीत एक उभी रेघ उघडझाप करत होती. श्रीरंगनं कीबोर्डवर बोटं ठेवली. अक्षरं मराठीत उमटली.

'कादंबरी बरी आहे.'

ताट तसंच.

'चौदा जानेवारीला पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जाऊन येईन. तुझ्या वाटचंही फूल वाहीन.'

ताट तसंच.

त्यानं स्टुडिओला मेल लिहिला. उत्तर लगेच दुसऱ्या दिवशी आलं, अगदी आदबशीर. आमच्या खेळात सगळे नेहमी जेवतात. कुणी न जेवण्याची सोयच आम्ही केलेली नाही. लिहायची पट्टी तर खेळात कुठंच नाही. फोटो पाठवाल का?

श्रीरंगनं फोटो पाठवला नाही.

शनिवारी कादंबरी आली. धुरकट हवेनं तिचे डोळे लाल झाले होते. पडद्याकडं पाहून ती आधी हसली. "आईनं मला धनुष्य दिलंय, अच्छा!" मग तिला भरलेलं ताट दिसलं. त्यानं सगळं सांगितलं. मग पुढं वाकून तिनं टाइप केलं.

'आई, बाबांना मी एकटं सोडणार नाही.'

काही झालं नाही.

"हेच," कादंबरी म्हणाली. "घाटावरपण मी अगदी हेच म्हणाले होते."

दहाव्या दिवशी यमुनेच्या घाटावर पिंड मांडला होता. वर घारी फिरत होत्या. दोन कावळे भिंतीवर येऊन बसले, पण खाली उतरेनात. मागं काही इच्छा राहिली असेल तर तिला शब्द द्या, गुरुजी म्हणाले. कादंबरीनं दिला. कुसुमावतीबाईंनीही काहीबाही दिला. श्रीरंग हात जोडून उभा होता आणि बोलला नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. सगळे घरी आले.

"बाबा, तिला काय हवंय ते तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"तेव्हाही माहीत होतं?"

"हो. खेळ अर्धा आहे. तो पुरा करून शिफारस लिहायची. तिचं दुसरं काय असणार?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कावळा शिवला असता."

कादंबरीनं त्याच्याकडं पाहिलं.

"आता तरी लिहा, बाबा. एवढी एकच ओळ."

"नाही. लिहिली की ती जेवेल. जेवली की सकाळ होईल आणि ती निघेल. तिला घेऊन जाणाऱ्यानं नऊ दिवसांत काम उरकलं, मला विचारलं नाही. आता मीही त्याचं ऐकणार नाही. बसू दे इथं."

"बाबा, ती उपाशी आहे."

कादंबरी निघताना दारात थांबली. "डबा तरी खा," म्हणाली.

रविवारी सकाळी त्यानं शिफारस लिहिली.

'मिठाची वाट. तीन माणसांच्या स्टुडिओचा खेळ. चित्रं साधी आहेत, डोंगर खरे वाटतात. लढाया कमी, चालणं फार. सोबतच्या माणसांची काळजी घ्यावी लागते, हाच खेळ. मी तो पुरा केलेला नाही आणि करणारही नाही. नियम मोडतो आहे, ज्याला बोलायचं त्यानं मला बोलावं. कुठं थांबावं: पहिल्याच मुक्कामाला. तिथून उठू नका.'

खाली त्यानं नाव टाकलं. उत्तरा.

दुपारी कुसुमावतीबाईंचा निरोप आला. 'घेतला. माझे चौघं जेवले, सकाळ झाली. छान आहे हो. थांबायचं कशाला?'

सोमवारी साडेपाचला तो पडद्यापुढं बसला.

उत्तराचं ताट भरलेलं होतं. त्यानं समाधानानं खुर्ची पुढं ओढली.

मग त्याला दुसरं ताट दिसलं. स्वयंपाक्याचं. तेही भरलेलं.

त्यानं मागं वळून टेबलाकडं पाहिलं. आजचा डबा होता. त्यामागं कालचा. त्यामागं शनिवारचा. झाकणं घट्ट होती. त्यानं आठवून पाहिलं. शेवटची भाजी कसली होती, आठवेना.

पडद्यावर पांढरी पट्टी आली. या वेळी त्याच्या ताटाखाली.

त्याचे हात मांडीवर होते.

एक अक्षर उमटलं. पुष्कळ वेळानं दुसरं. टायपिंग न येणारं माणूस एकेक बटण शोधतं, तसं.

'अहो, शिफारस मी पुढं चालवीन.'

रेघ उघडझाप करत राहिली. श्रीरंग हलला नाही.

वाक्य पुसलं गेलं. दुसरं सुरू झालं.

'कादंबरीला मी एकटं सोडणार नाही.'

"नाही," तो मोठ्यानं म्हणाला.

तेही पुसलं गेलं.

'मग सांगा ना, काय हवंय?'

त्याला माहीत होतं. घाटावरच्यासारखाच तो आताही बोलला नाही.

खिडकीच्या गजावर काहीतरी येऊन बसलं. या मोहल्ल्यात त्यानं कित्येक महिन्यांत कावळा पाहिला नव्हता. कावळ्यानं मान वाकडी करून डब्यांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

श्रीरंगनं तिन्ही डबे ओढून जवळ घेतले आणि कावळा शिवू नये म्हणून त्यांच्यावर हात पसरून बसून राहिला. डबे गार होते की हात, ते त्याला कळेना.