बाकाची डावी बाजू

चिंधी लावायचं काम माझं असे.

पियानोचं मोठं झाकण उचललं की आत तारा दिसतात. डावीकडच्या जाड, तांबं गुंडाळलेल्या. त्या खालच्या सुरांच्या. मास्तरांच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी मी त्या तारांमधून जुन्या लोकरीची एक लांब चिंधी ओवायची. मग डावीकडची पट्टी कितीही जोरात दाबा, सूर उमटायचा नाही. नुसता ठोका. भिंतीपलीकडून कुणी दार वाजवावं तसा.

समीक्षकांनी त्याला 'कोरडा खर्ज' असं नाव दिलं होतं. मास्तर बाकाच्या उजव्या अर्ध्यावरच बसत, डावा अर्धा मोकळा ठेवत. त्यावरही आमच्याकडे सिद्धांत होते. आम्ही सगळे शिष्य तसेच अर्ध्या बाकावर बसायचो. एक जण तर वाजवता वाजवता खाली पडला, पण डावीकडे सरकला नाही.

हसू नका. भक्ती अशीच असते.

माणूस गेल्यावर त्याचा मोठेपणा सांगायचा, या रीतीची मला चीड आहे. म्हणून मास्तरांच्या साऱ्या कारकिर्दीचा सोहळा मी त्यांच्या हयातीतच घडवून आणायचा ठरवला. सभागृहवाल्यांच्या पाया पडले, तारखेसाठी गायकांशी भांडले. शेवटी एका रविवारी दुपारी कार्यक्रम ठरला. आधी आम्ही शिष्य त्यांच्या रचना वाजवणार आणि शेवटी मास्तर स्वतः बसणार. लिहिलेलं काही नाही. बसायचं आणि त्या क्षणी जे सुचेल ते वाजवायचं.

काकूंची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, एकच अट होती.

"ह्यांचे हात कसे कापतात, बघतेस ना? कप धरवत नाही. वाजवून झालं की तू जायचंस आणि हाताला धरून आणायचंस. लोक थांबा म्हणोत, हे स्वतः थांब म्हणोत. शब्द दे."

"दिला, काकू."

"तुझा शब्द म्हणजे पुन्हा घाईतला नको."

मास्तर मला घाईबाईच म्हणायचे. शिकताना माझं लक्ष उडालं की ते पियानोच्या लाकडावर बोटाने वाजवत: एक सावकाश ठोका, मग दोन भराभर. टक… टकटक. म्हणजे, घाईबाई, इकडे बघ.

मध्यंतरात मी चिंधी घेऊन निघाले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण सभागृहाला खिडक्या नव्हत्या. पडद्यामागे अंधार होता आणि तापलेल्या दिव्यांवर धूळ जळल्याचा वास. मास्तर तिथे एकटेच उभे होते. गुडघ्याला लावायच्या तेलाचा वास आला, म्हणून मला कळलं.

"आज नको लावूस," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने! या वयात माणूस आपली ओळखच मोडून टाकतोय. यालाच तर प्रयोग म्हणायचं!

"मास्तर, म्हणजे आज खर्ज पूर्ण वाजणार?"

"मी नाही वाजवणार तो." ते पियानोच्या दिशेने बघत होते. "मला एक धाकटी बहीण होती. एकाच बाकावर बसायचो आम्ही. मी मोठा, म्हणून चाल माझी. तिला डावी बाजू, खालचे सूर. रोज म्हणायची, दादा, एकदा जागा बदलू ना. मी म्हणायचो, उद्या. मग ती आजारी पडली. तेव्हाही म्हणाली. मी म्हटलं, बरी झालीस की."

"मग?"

"बरी कुठली होतेय… ती गेल्यावर एकदा बसलो वाजवायला, तर डावीकडून साथ आली. तेव्हापासून चिंधी." त्यांनी कापरे हात एकमेकांत अडकवले. "आता शेवटचंच बसतोय. तिला ऐकून जावं म्हटलं. काकूला सांगू नकोस, घाबरते ती."

खरं सांगते, मला ती रूपककथा वाटली. कलावंत माणूस, बोलायचाच असं. चिंधी मी खांद्यावर टाकली.

पडदा वर गेला. मास्तर नेहमीसारखे उजवीकडे बसले आणि वाजवू लागले. वरचे सूर, विरळ, थेंबाथेंबाने. मी आणि काकू कडेच्या पडद्याआड उभ्या होतो. एक ओळ वाजवून ते थांबले.

आणि खालून उत्तर आलं.

मोठा, भरलेला, ओला आवाज. पायाखालची फळी थरथरली. काकूंनी माझा दंड धरला.

"चिंधी?"

"मास्तरच नको म्हणाले…"

"आण त्यांना. आत्ता आण."

"काकू, किती सुंदर—"

"अगं, हात बघ त्यांचे!"

मी पाहिलं. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते. डावीकडच्या पट्ट्या खाली जात होत्या, वर येत होत्या. लहान मूल वाजवतं तशा, एकेका बोटाने, पण न चुकता.

आणि लोक? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या प्रायोगिक संगीताचा हाच शाप आहे. कशालाही कुणी दचकत नाही. पहिल्या रांगेतले समीक्षक तर शेजाऱ्याला कौतुकाने काहीतरी समजावून सांगत होते. यंत्र बसवलंय वगैरे असेल.

मी रंगमंचावर गेले. पुन्हा टाळ्या, मीही रचनेचाच भाग झाले. पियानोपाशी हवा गार होती. तेलाच्या वासात दुसरा वास मिसळला होता, तापलेल्या कपाळावरच्या ओल्या फडक्याचा. बाकाची मोकळी गादी मधोमध थोडी दबलेली होती.

"मास्तर, चला. काकू बोलावतायत."

"थांब… तिचं संपू दे."

"चला ना…"

"घाईबाई," ते पुटपुटले, "ती विचारतेय, जागा बदलू का. या वेळी नाही कसं म्हणू?"

आणि ते उठले. अगदी सहज, गुडघे धरल्याशिवाय, आणि डावीकडे सरकायला लागले.

मी खांद्यावरची चिंधी ओढली, झाकणाखाली वाकले आणि तारांमध्ये कोंबली. बोटं चिरली, तरी कोंबली. खर्ज एकदम मुका झाला. पट्ट्यांची हालचाल थांबली. मी वळले तेव्हा मास्तर डाव्या टोकाला बसले होते, मान खाली, डोळे मिटलेले. दंडाला धरून उठवलं. उठले. चालले. टाळ्यांचा पाऊस पडत होता. आणलं! मी शब्द पाळला होता.

पडद्याआड काकूंनी त्यांचा चेहरा ओंजळीत घेतला. "अहो… बरं वाटतंय ना? बघा जरा माझ्याकडे."

मास्तरांनी डोळे उघडले. काकूंकडे खालून वर पाहिलं, त्यांच्या साडीकडे, पांढऱ्या केसांकडे. लग्नाच्या घरात लहान मुलगी नव्या नवरीकडे बघते तसं, कुतूहलाने. मग लाजल्यासारखं हसले.

"तुम्ही वहिनी का?"

काकूंचे हात गळून पडले.

तेवढ्यात रंगमंचावरून आवाज आला. तिथे कुणी नव्हतं. रिकामं बाक, उघडं झाकण आणि दिव्यांचा उजेड. आवाज डावीकडून येत होता, चिंधीखालून, दबलेला, कोरडा.

ठक… ठकठक.

मी ओळखला. न ओळखायला काय झालं? इतकी वर्षं त्याच ठोक्यांनी मला भानावर आणलं होतं.

ठक… ठकठक.

चिंधी काढायला हवी होती. मी पाऊल उचललं, आणि मास्तरांच्या हाताने माझं मनगट पकडलं. तोच हात, सुरकुतलेला, तेलाच्या वासाचा. फक्त आता तो कापत नव्हता.

"राहू दे गं," तो म्हाताऱ्या घशातला आवाज हळूच म्हणाला. "मला किती वर्षं तसंच ठेवलं होतं दादाने. आता माझी पाळी."

बाहेर लोकांना ठेका सापडला होता. सगळं सभागृह त्या ठोक्यांबरोबर टाळ्या देत होतं. एक सावकाश. मग दोन भराभर.