वरचा उजवा

"उजवा माझा! बाजूला व्हा!" ती ओरडली, आणि समोरून येणारी पांढऱ्या शिडाची होडी खरोखरच बाजूला झाली.

इतक्या झटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं. होडीतल्या माणसाने एकदा तिच्याकडे पाहिलं, चकित होऊन, भुवया पार वर नेऊन... आणि सुकाणू ढकललं. त्याचं शीड फडफडलं, शिडाखालची आडवी काठी या कडेवरून त्या कडेला फिरली आणि त्या भुवया शिडामागे दिसेनाशा झाल्या. ती पुढे निघून गेली.

तळ्यावरच्या त्या हौशी क्लबात नियम फार नव्हते. पंच पाण्यावर जातच नसे, धक्क्यावर खुर्ची टाकून बसे. पण एक नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. दोन होड्या समोरासमोर आल्या, तर ज्याच्या उजव्या हाताला वारा, त्याची वाट. त्याने "उजवा" अशी आरोळी द्यायची, दुसऱ्याने मुकाट सरायचं. सगळा खेळ त्या आरोळीवरच्या विश्वासावर चाले.

पहिल्याच शर्यतीत ती तिसरी आली. पांढऱ्या शिडाची होडी सगळ्यात शेवटी आली, पोटात घोटाभर पाणी घेऊन. तो माणूस तोंडाला रुमाल लावून धक्क्यावर चढला, तेव्हा ती हातातला बक्षिसाचा पितळी पेला सांभाळत त्याच्यासमोर उभी राहिली.

"नियम पाळायचे नसतील तर होडी पाण्यात घालायचीच कशाला?" ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "थोडक्यात वाचलो आपण. आणि वर माझ्याकडे असे बघत होतात, जणू चूक माझीच."

त्याने रुमाल न काढता किंचित मान झुकवली. डोळे मात्र हसल्यासारखे... की नव्हते? ती वळली ती ताठ मानेने.

"डॉक्टर, जाऊ द्या," क्लबचे अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त पोस्टमास्तर होते आणि सगळे त्यांना काका म्हणत. "आपला बातम्या आहे तो. रेडिओवर असतो. कधी नव्हे ते चुकला बिचारा."

ती दातांची डॉक्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताना तिच्या मदतनीस ताईंनी नेहमीसारखा रेडिओ लावला, आणि बातम्यांच्या पहिल्याच वाक्याला दोघी पोट धरून हसल्या. निवेदकाच्या प्रत्येक 'स'मागे बारीक शिट्टी वाजत होती. सरकारने सोमवारी सांगितलं म्हणे, आणि तीन शिट्ट्या झाल्या.

तासाभराने ती शिट्टी दवाखान्याचं दार ढकलून आत आली.

"क्लबात विचारलं, दातांची चांगली डॉक्टर कोण," तो म्हणाला. "म्हणाले, कालच भेटलात की तिला."

पुढचा दात अर्धा उडालेला होता. तिने खुर्चीकडे बोट केलं. "कशाने झालं?"

"काठीने. माझ्याच शिडाच्या." तो आडवा झाला. "आमचे संपादक म्हणाले, संध्याकाळी 'स' नसलेल्या बातम्या वाच. मी म्हटलं, मग सरकारलाच सुट्टी द्या."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने मुखपट्टी वर ओढली. "तोंड उघडा." मग आरसा आत घालून, मान न वळवता, सवयीच्या सुरात म्हणाली, "ताई, लिहा. वरचा उजवा, पुढचा. अर्धा तुटलाय."

आणि तिचा हात थांबला.

वरचा उजवा. तो तर तिच्या डाव्या हाताला होता. दातांच्या डॉक्टरचा उजवा म्हणजे समोरच्याचा उजवा. कॉलेजात पहिल्या वर्षी हे घोकून घेतात, पुढे ते अंगातच मुरतं. समोर माणसाचा चेहरा आला, की तिची डावी बाजू आपोआप उजवी होऊन जाई. समोर चेहरा आला, की...

काल वारा तिच्या डाव्या गालाला लागत होता.

कानशिलं तापली. वाट त्याची होती. तिने ती खोट्या आरोळीने घेतली, त्याचा दात तोडला, त्याला चारचौघांत फैलावर घेतलं आणि बक्षीस घेऊन घरी आली. चोराच्या उलट्या बोंबा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण धरणीवर दवाखान्याची फरशी होती आणि समोर तोंड उघडून आडवा पडलेला माणूस. तो तिच्याकडेच पाहत होता. भुवया पुन्हा वर गेल्या होत्या.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"आँ-हं," तो म्हणाला.

त्या दिवशी ती बोलली नाही. पुढच्या वेळी सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या वेळी तो जरा लवकरच आला आणि ताईंना निवेदकांच्या फजितीचे किस्से सांगत बसला. पितळी पेला ताईंनी कौतुकाने बाहेरच्या काचेच्या कपाटात, प्लास्टरच्या जबड्यांशेजारी मांडला होता. तिने तो आत नेऊन ठेवला होता. ताईंनी परत बाहेर आणला होता.

"पाण्यावर किती बोलता तुम्ही," तो खुर्चीत बसत म्हणाला. "इथे आपलं फक्त 'तोंड उघडा'."

"तोंड उघडा," ती म्हणाली.

त्याने उघडलं. त्याच्या श्वासाला लवंगेचा वास होता, कानामागे उन्हाने रापलेली एक रेघ. हे सगळं आपल्याला का दिसतंय, म्हणून ती स्वतःवरच चिडली. ज्याला तोंड दाखवायची लाज वाटते, त्याच्याच तोंडात तासभर बघायचं, हा कुठला न्याय? तो जितका मोकळं बोले, तितकी ती आक्रसत जाई. हळूहळू त्याचं बोलणंही आटलं.

शेवटच्या बैठकीला दातावर टोपी बसवायची होती. ताई औषधं आणायला गेल्या होत्या. टोपी बसली, तिने त्याच्या हातात आरसा दिला.

"सासूने सशाला सरबत..." त्याने म्हणून पाहिलं. शिट्टी गेली होती. आरसा खाली ठेवून तो उठला. "चला. आता माझं तोंड पाहायची वेळ तुमच्यावर येणार नाही."

विनोदच होता तो. पण या वेळी डोळे हसत नव्हते. तो दारापर्यंत पोचला.

"थांबा," ती म्हणाली. "त्या दिवशी वारा... माझ्या डावीकडून होता."

तो वळला. "माहितीये."

"माहितीये?"

"शीड कुठल्या बाजूला झुकलंय ते दिसतं की. आधी वाटलं, काय लबाड बाई आहे. मग इथे 'वरचा उजवा' ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं, बाई सरळ आहे, फक्त उलटी आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तोंडात तुमची बोटं होती."

"आणि नंतर?"

"नंतर..." तो मानेमागे हात फिरवू लागला. "तुम्ही माझ्याकडे बघेनाशा झालात. मला वाटलं, माणूसच आवडला नसेल. त्याला काय औषध?"

तिने मुखपट्टी काढली. चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो झाकायला आता काही नव्हतं. "मी लाजेने मरत होते," ती म्हणाली. "रोज सकाळी रेडिओ लावत होते... आणि तुमचा आवाज आला की बंद करत होते."

"झालं, मिटलं की मग."

"नाही मिटलं. बोलले सगळ्यांच्या देखत, तर माघारही सगळ्यांच्या देखतच घेणार."

रविवारी तिने ती माघार घेतली. धक्क्यावर पेला काकांपुढे ठेवून तिने सगळं सांगितलं, दातांच्या उजव्या-डाव्यासकट. कोणीतरी खुदकन हसलं. "म्हणजे डॉक्टर, माझी दाढ तरी बरोबर काढलीत ना?" मागून एकाने विचारलं, आणि मग सगळेच हसले. ती मान खाली घालून उभी राहिली. हसणं तिने पुरतं ऐकून घेतलं.

काका मात्र हसले नाहीत. "चूक कबूल केली, की होडीच्या जागच्या जागी दोन गिरक्या," ते म्हणाले. "शर्यत संपली म्हणून गिरक्या माफ होत नाहीत. जा, घ्या. आम्ही मोजतो."

ती होडीत उतरली. मागोमाग होडी हलली. तोही उतरला होता.

"शिक्षा माझी आहे," ती म्हणाली.

"दात माझा होता."

पहिली गिरकी घेताना काठी डोक्यावरून गेली, तेव्हा दोघं एकदमच वाकले. धक्क्यावरून शिट्ट्या आल्या. तिचे कान पेटले. पाणी होडीभोवती गोल फिरत होतं, वारा गालावरून मागे, मागून दुसऱ्या गालावर.

"सगळे बघताहेत," ती पुटपुटली.

"बघू देत. दुसरी जरा सावकाश घ्या," तो म्हणाला, खालच्या आवाजात, बातम्यांच्या आवाजात नव्हे. "मला काही सांगायचंय, आणि धक्क्यावर सांगायचा धीर नाही. मला... तुम्ही आवडता. ओरडलात तेव्हापासून."

काठी पुन्हा वरून गेली. वाकलेल्या त्याच्या डोक्याला तिचं डोकं टेकलं, आणि तिने ते लगेच उचललं नाही.

"मी चुकीचं ओरडले होते," ती म्हणाली.

"पण किती मनापासून."

ती हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मुखपट्टीशिवाय, त्याच्यासमोर.

"दोन झाल्या," काकांनी धक्क्यावरून हाक दिली. "या परत."

तिने सुकाणू सरळ केलं नाही.