मागे येणारी धून

सहर ही धून कुठून शिकली, एवढंच सकिनाला विचारायचं होतं. म्हणून भर दुपारी ती सात वर्षांच्या लेकीला घेऊन बेलापूरला, पियानो शिकवणाऱ्या ऋतामॅडमकडे आली होती.

"ही तर रिव्हर्सची धून!" ऋता हसली. "गाडी मागे घेताना वाजते ना, तीच. अहो, दोनशे वर्षांपूर्वीची आहे, परदेशातली. ज्या मुलीसाठी रचली ती कोण, हे आजवर नक्की कोणाला कळलं नाही. मूळ कागदही हरवला."

सहर गुणगुणतच होती. ऋताचं हसू मावळलं. "गाड्यांत नुसती सुरुवात वाजते हो. ही तर पुढचं सगळं म्हणतेय... कोणी शिकवलं, बाळा?"

"अब्बांच्या टेम्पोत वाजतं. रोज. भरती आली की."

सकिनाचा नवरा रज्जाक होड्यांना बर्फ पोचवायचा. गेल्या वर्षी त्यांच्या दिवाळे गावाच्या जेटीवर टेम्पो मागे घेताना मागे बघायला कोणी नव्हतं, आणि गाडी त्याच्यासकट थेट खाडीत गेली. नंतर टेम्पो काढला, भंगारातही गेला. तेव्हापासून ही पोरगी धड जेवेना, डोळा चुकवून जेटीवर पळे. नवरा गेला तो गेला, पण पोर तरी हाती राहू दे, एवढंच मागणं होतं बिचारीचं.

परतताना दिवाळ्यात रिक्षातून उतरून सकिना पिशवी उचलायला वाकली काय, सहरचा हात सुटला.

जेटीवर सुकत्या बोंबलांचा वास दाटला होता. पाणी काठाला लागलं होतं. सहर अगदी टोकाला, पाण्याकडे पाठ करून उभी होती आणि हाताने खुणावत होती, "येऊ दे, अब्बा... येऊ दे..."

जेटीवर एकही गाडी नव्हती. तरी धून येत होती, गावाकडून, हळूहळू पोरीकडे सरकत. सकिनाला ती आज पहिल्यांदाच ऐकू आली.

"गंगूमावशी, तुला येतंय का गं ऐकू?"

मासळी निवडणाऱ्या गंगूने मान वर केली नाही. "रोजच वाजतंय, बाय. तू पोरीला उचल आधी..."

"बस! रज्जाक, बस!" ओरडत सकिना धावली. तिने पोरीला कडेवर घेऊन कवटाळलं आणि ती गावाकडे वळली. धून थांबली. तोंडावर बर्फाचा गारवा आला. ऐकलं गं बाई त्याने माझं, असं वाटून तिला रडूच फुटलं. तिच्यामागे पाऊलभर जेटी उरली होती.

सहरने हात लांबवून समोरच्या रिकाम्या हवेवर दोनदा थाप मारली. पत्रा वाजला.

"अजून थोडं, अब्बा... येऊ दे. आता अम्मी पण आहे."